देवाचा थांबा

वच्छलाबाईंना गाडीवाले मागून ‘अलारमबाई’ म्हणत. हे नाव त्यांच्या कानावर गेलं होतं आणि त्यांना त्याचं फारसं वाईटही वाटत नव्हतं. त्यांचं म्हणणं एवढंच, की ज्यांनी नाव ठेवलं त्यांनी निदान फोन आला की उचलावा.

चंद्रपूरच्या बाहेर, मूल रोडला, बांबू वाहणाऱ्या एका ठेकेदाराचं आवार होतं. एटापल्लीकडच्या जंगलातून बांबू भरायचा आणि कागद कारखान्याच्या दारात नेऊन टाकायचा, हा धंदा. वाटेत माल गळतो, डिझेल गळतं, आणि ड्रायव्हर सांगतो की रस्ताच खराब होता. या दुखण्यावर इलाज म्हणून दोन हजार सातच्या सुमारास मालकानं प्रत्येक ट्रकवर एकेक डबा बसवून घेतला. नागपूरहून आलेल्या टायवाल्या माणसानं सांगितलं, की हा डबा थेट आकाशातल्या उपग्रहाशी बोलतो, खाली टॉवर असो की नसो. मालकाला स्वतःच्या बायकोशी बोलायला सवड नव्हती, पण ट्रक उपग्रहाशी बोलणार म्हटल्यावर तो खूश झाला.

डबे ट्रकांच्या टपावर गेले आणि ऑफिसात कॉम्प्युटर आला. पडद्यावर नकाशा, नकाशावर ट्रकांचे ठिपके. ट्रक ठरल्या रस्त्यावरून हटला, नको तिथं उभा राहिला, कुणी वायर ओढली, की कॉम्प्युटर कोकलायचा आणि ठिपका लाल व्हायचा. मग कुणीतरी फोन फिरवून चौकशी करायची आणि ‘ओके’चं बटण दाबायचं. दाबलं की कोकलणं बंद आणि ठिपका पुन्हा निमूट पिवळा. ते कुणीतरी म्हणजे वच्छलाबाई.

ही नोकरी त्यांच्याकडे आली ती सरळ वाटेनं आली नाही. त्यांचा नवरा, सुकलू मांदाडे, याच ठेकेदाराचा ड्रायव्हर होता. डबे येण्याच्या कितीतरी वर्षं आधी, सिरोंच्याच्या रस्त्याला, छातीत कळ आली म्हणून त्यानं ट्रक नीट बाजूला घेतला, इंजिन बंद केलं आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं. वेळ सकाळची होती. दिवसभर त्या रस्त्यानं एसट्या गेल्या, बैलगाड्या गेल्या, दुसऱ्या ठेकेदारांचे ट्रक गेले. सगळ्यांना दिसलं की ड्रायव्हर झोपलाय. जंगलातून गाडी हाकणारा माणूस झोपला असेल तर त्याला उठवू नये, असा तिकडचा भला रिवाज. त्या भलेपणानंच सुकलूचा घात केला. दिवस कलताना मागून त्याचा जोडीदार इस्तारी आला, त्यानं दार उघडलं, आणि सुकलू त्याच्या अंगावर कलंडला. दुपारपर्यंत जीव असावा, असं डॉक्टर म्हणाले. ते त्यांनी म्हटलं नसतं तर वच्छलाबाईंवर उपकार झाले असते.

मालकानं बाईंना ऑफिसात झाडलोट आणि चहापाण्याचं काम दिलं. डबे आले तेव्हा पडद्यापुढं शिकलेली पोरं बसवली, पण ती कोकलण्याला कंटाळून आवाजच बंद करून ठेवत. शेवटी मालकाचा पुतण्या सुरेंद्र, जो ऑफिस सांभाळायचा, तो एकदा वैतागून म्हणाला, “बाई, तुम्हीच बसता का?” बाई सातवी शिकलेल्या होत्या. ठिपका कुठं आहे आणि तो लाल आहे की पिवळा, हे कळायला सातवी पुरली.

बाई बसल्या आणि ड्रायव्हरांची झोप उडाली. आलापल्लीच्या पुढं कुणाचा मोबाइल चालत नव्हता, म्हणून बाईंनी रस्त्यावरच्या प्रत्येक टपरीचा, नाक्याचा, किराणा दुकानाचा नंबर मिळवून भिंतीवर खडूनं लिहून ठेवला. कॉम्प्युटर कोकलला की बाईंचा फोन गेलाच. “भाऊ, तुमच्या दुकानाच्या पुढं आमचा ट्रक उभा हाये. जरा पाहून येता काय? दार उघडून पाहा, नुसतं बाहेरून नोका पाहू.” कधी ड्रायव्हर जेवत असायचा, कधी टायर बदलत असायचा, आणि एकदा तर तो नाल्याकाठी भलत्याच अवस्थेत बसलेला असताना दुकानदाराचा माणूस हाका मारत पोचला. त्यावर आवारात बरेच दिवस हसणं चाललं. बाई हसल्या नाहीत. कॉम्प्युटर कोकलला की त्यांच्या पोटात गोळा यायचा, आणि पलीकडून “ठीक हाये” ऐकल्याशिवाय तो विरघळायचा नाही.

अडचण झाली ती भिवसनाच्या घाटाची. एटापल्लीच्या वाटेवरच्या या घाटाच्या माथ्यावर, मोहाच्या झाडाखाली, भिवसन देवाचा शेंदूर माखलेला दगड आहे. भरलेला ट्रक माथ्यावर आला की ड्रायव्हर थांबतो, उतरतो, हिरवी डहाळी तोडून देवापुढच्या ढिगावर टाकतो, हात जोडतो आणि निघतो. इंजिन मात्र चालू ठेवायचं. भिवसनापुढं इंजिन बंद करायचं नाही, केलं तर ते पुन्हा देवाच्या मर्जीनंच चालू होतं, असं म्हणतात. ठेकेदाराच्या ट्रकांच्या बॅटऱ्या पाहिल्या तर देवाला यात स्वतः लक्ष घालावं लागत नसणार, पण नियम तो नियम. लग्नानंतर सुकलूनं बाईंना ट्रकात बसवून त्या घाटातून नेलं होतं, तेव्हा पहिला हाच धडा दिला होता.

डहाळी टाकायला काही वेळ लागत नाही. पण डहाळीनंतर बिडी होते, बिडीनंतर दोऱ्या तपासणं होतं, आणि तेवढ्यात चंद्रपूरला कॉम्प्युटर कोकलतो. बाईंचा फोन घाटाच्या एटापल्लीकडच्या पायथ्याशी पत्रूच्या चहाटपरीत जायचा. ग्रामपंचायतीचा सरकारी फोन त्याच्याकडं ठेवला होता. पत्रू बिचारा चहा उकळता सोडून सायकल काढायचा आणि तो माथ्यावर पोचेपर्यंत ट्रक पलीकडं उतरायला लागलेला असायचा. ड्रायव्हर हात हलवून पुढं, पत्रू घाम पुसत मागं. इकडं सुरेंद्र लाल ठिपके मोजून ड्रायव्हरांना झापायचा. सगळ्यांच्याच नाकी नऊ आले होते.

तेव्हा ड्रायव्हरांनी इस्तारीला बाईंकडं पाठवलं. इस्तारी आता पन्नाशीचा झाला होता, आणि बाई ज्याचं ऐकतील असा आवारात तो एकटाच होता.

“बाई, तुमी आमच्यासाठी करून राह्यल्या, मले समजते,” तो म्हणाला. “पण देवाले नाई थांबलो तं भेव वाटते, अन् थांबलो तं सुरेंद्रबाबूचं बोलणं खा. पत्रूची तं पार सायकल झिजली.”

“मंग मी का करू, भाऊ?”

“भिवसनापाशी वाजला तं दाबून टाकत जा. तो का चोरीचा थांबा हाये? देवाचा थांबा हाये.”

दुसरं कुणी असतं तर बाईंनी सरळ वाटेला लावलं असतं. पण ज्या माणसानं त्यांच्या नवऱ्याला मांडीवर घेऊन सिरोंच्याच्या रस्त्यानं आणलं, त्याला नाही कसं म्हणायचं? शिवाय त्यालाच तर त्या जपत होत्या. त्यालाच त्रास होत असेल तर त्या जपण्याला काय अर्थ? त्यांनी मान हलवली.

तेव्हापासून ऑफिसात ‘देवाचा थांबा’ हा शब्द रूढ झाला. घाटमाथ्यावर ठिपका लाल झाला की बाई एकदा मनात भिवसनाला हात जोडायच्या आणि बटण दाबायच्या. पहिल्या पहिल्यांदा बटण दाबून झाल्यावरही ठिपका हलेपर्यंत त्या बघत बसायच्या. मग बघणं कमी झालं. मग हात जोडणंही राहिलं. रोज मरे त्याला कोण रडे, तशातली गत. पोटात गोळा येणं बंद झालं, याचंच बाईंना बरं वाटू लागलं.

महाशिवरात्रीचा दिवस होता. मार्कंड्याला यात्रा भरली होती आणि अर्धा जिल्हा वैनगंगेच्या काठी लोटला होता. ट्रॅक्टर गेले, जीपा गेल्या, तिकडच्या एसट्याही यात्रेवर वळवल्या होत्या. आवारात सगळे ट्रक उभे होते, फक्त इस्तारीचा बाहेर होता. आदल्या दिवशी जंगलातल्या बांबू डेपोत त्याची भरणी अडकली होती, ती सकाळी पूर्ण झाली. क्लीनर चैतू “मार्कंड्याले जाऊन येतो” म्हणून केव्हाच पसार झाला होता. इस्तारी एकटाच निघाला.

बाईंना उपास होता. पडद्याशेजारी बसून त्या उकडलेली रताळी सोलत होत्या. सुरेंद्र पलीकडच्या टेबलावर फोनवर कुणाशी तरी टायरांबद्दल घासाघीस करत होता. कॉम्प्युटर कोकलला. बाईंनी मान वर केली, घाटमाथा पाहिला, आणि रताळ्याचा चिकट हात नको लागायला म्हणून कोपरानं बटण दाबलं. आवाज बंद झाला. सुरेंद्रनं फोनवरचं बोलणंसुद्धा थांबवलं नाही.

रताळी सोलून झाली. बाईंनी ती गुळात परतायला मागच्या शेगडीवर ठेवली, ताटली सुरेंद्रपुढं नेऊन ठेवली, आपली घेतली, खाल्ली, भांडी विसळली. हात पुसत पडद्यापुढं आल्या तेव्हा अख्ख्या नकाशावर बाहेरचा एकच ठिपका होता, आणि तो घाटमाथ्यावर होता.

पहिल्यांदा त्यांना वाटलं, पडदा अडकला असेल. कधी कधी अडकायचा. त्यांनी तो बंद करून उघडला. ठिपका तिथंच होता, पिवळा, निमूट. उपासाचा दिवस आहे, भाऊ देवापुढं जरा बसले असतील. जाऊ दे, येतील. असं स्वतःला सांगता सांगता त्यांची नजर ठिपक्याच्या बाजूला गेली. तिथं किल्लीची एक बारीक खूण असायची. किल्ली फिरवलेली असली की हिरवी, इंजिन बंद केलं की काळी.

किल्ली काळी होती.

भिवसनापुढं इस्तारी इंजिन बंद करणार नाही. इतर पोरं कदाचित करतील, इस्तारी नाही. आणि ही किल्ली काही आत्ता काळी झाली नव्हती. कॉम्प्युटर कोकलला तेव्हाही ती काळीच असणार. त्यांनी बघितलं नव्हतं. कोपरानं बटण दाबताना माणूस किल्ली कुठून बघणार?

त्यांनी पत्रूच्या टपरीचा नंबर फिरवला. घंटी वाजत राहिली. पुन्हा फिरवला. पुन्हा नुसती घंटी. यात्रेला गेले असतील सगळे, टपरी बंद असेल, फोन आतल्या आत वाजत असेल. बाई तरी फिरवत राहिल्या. एकदा तर नंबर चुकून भलत्याच माणसाला लागला.

“काय झालं बाई?” सुरेंद्रनं विचारलं.

“इस्तारीभाऊ माथ्यावर उभे हायेत. केव्हाचे. इंजन बंद हाये.”

सुरेंद्रनं येऊन पडदा पाहिला. “झोपला असेल. एकटाच आहे, थकला असेल.”

सुरेंद्रचा यात दोष नाही. त्यानं सहज म्हटलं, कुणीही म्हटलं असतं. पण ‘झोपला असेल’ हे दोन शब्द बाईंनी आयुष्यात एकदा ऐकले होते आणि ते त्यांच्या अंगावर डाग दिल्यासारखे उमटले होते. “झोपलेच म्हणत होते सगळे,” त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज असा निघाला की सुरेंद्र सरळ दुसऱ्या फोनकडं वळला. त्यानं आलापल्लीच्या डेपोला लावून पाहिलं. सुट्टी असल्यामुळं तिथं कुणी नव्हतं.

तेवढ्यात टपरीतला फोन उचलला गेला. पत्रूची बायको धुरपता होती. ती मागं लाकडं फोडत होती.

“धुरपताबाई, मी चंद्रपूरवरून वच्छला. पत्रूभाऊ कुठी हायेत?”

“ते गेले ना मार्कंड्याले. का झालं?”

“माथ्यावर आमचा ट्रक हाये. जाऊन पाहाले पायजे.”

“देवापाशी आसन तो,” धुरपता म्हणाली. यात्रेच्या दिवशी एकटीला मागं ठेवलेल्या बाईचा सगळा वैताग तिच्या आवाजात होता. “तुमीच तं म्हणलं होतं, देवाच्या थांब्याले फोन करत नाई म्हणून.”

“धुरपताबाई, इंजन बंद हाये.”

धुरपताचा वैताग उतरला. मग धुरपतानं हळूच विचारलं, “भिवसनापुढं? इंजन बंद?”

“व्हय.”

“थांबा. नाक्यावर बिरजू हाये, त्याच्यापाशी लुना हाये. मी त्याले घेऊन जातो. फोन ठेवा.”

आता बाईंच्या हाती काही उरलं नव्हतं. एवढा मोठा उपग्रह, एवढा महागाचा डबा, आणि शेवटी इस्तारीचा जीव एका लुनावर आणि एका टपरीवालीवर येऊन ठेपला होता. घाट चढायला लुनाला किती वेळ लागतो? बिरजू नाक्यावर असेल की तोही यात्रेला गेला असेल? बाई पडद्यासमोर उभ्याच राहिल्या. बसावंसं वाटेना. त्यांना दिसत होतं ते इस्तारीचं स्टिअरिंगवर टेकलेलं डोकं, आणि मग ते डोकं इस्तारीचं राहायचं नाही, सुकलूचं व्हायचं. मोह टपकायला लागला होता आणि त्या दिवसांत अस्वलं झाडाखाली येतात, हेही आठवलं. आठवायचं नाही म्हटलं की नेमकं तेच आठवतं.

“अलार्म कधी वाजला होता?” सुरेंद्रनं विचारलं.

“आपण रताळी खाल्ली त्याच्या आधी.”

सुरेंद्रनं त्यांच्याकडं पाहिलं, मग शेगडीकडं पाहिलं. बाईंना वाटलं, यानं ओरडावं. रागावलेल्या माणसापुढं निदान रडता येतं.

मग पडद्यावरची किल्ली हिरवी झाली.

“चालू झाली!” सुरेंद्र उठून उभा राहिला. बाईंनी दोन्ही हात तोंडावर नेले. निघाला म्हणजे. झोपलाच होता म्हणजे. भिवसना, तुझ्यापुढं नारळ फोडीन. त्या ठिपका हलायची वाट बघू लागल्या. ठिपका हलेना. किल्ली हिरवी आणि ठिपका जागच्या जागी. मग किल्ली पुन्हा काळी झाली, थोड्या वेळानं पुन्हा हिरवी. ट्रक सुरू होत नाही का? की त्याला सुरू करता येत नाही? की किल्ली फिरवणारा हात इस्तारीचा नाहीच? आशा दाखवून काढून घेतली तर माणूस पहिल्यापेक्षा खोल जातो, तशा बाई खाली बसल्या त्या तशाच बसून राहिल्या.

फोन वाजला तेव्हा उन्हं कलायला लागली होती. सुरेंद्रनं उचलला, ऐकलं, आणि पहिलं वाक्य बाईंकडं बघून म्हणाला, “जिवंत आहे.”

बाकीची हकिगत नंतर हळूहळू कळली. इस्तारी माथ्यावर थांबला, डहाळी टाकली, आणि वळून पाहतो तर बांबूवरची दोरी सैल झालेली. हँडब्रेकचा भरवसा नव्हता. वर चढल्यावर ट्रक घसरू नये म्हणून त्यानं देवाची माफी मागून इंजिन बंद केलं आणि गिअर घालून ठेवला. दोरी ओढताना बांबू फिरला आणि तो दरीच्या बाजूला, नालीत पडला. मांडीचं हाड मोडलं आणि बांबूचं टोक पोटरीत घुसलं. रस्त्यावरून कुणी गेलं असतं तरी त्याला फक्त उभा ट्रक दिसला असता. धुरपतानं पदर फाडून पाय बांधला. बिरजूला ट्रक चालवता येत नव्हता, पण किल्ली फिरवून हॉर्न वाजवता येतो एवढं त्याला ठाऊक होतं. खालच्या टोल्यावरच्या वस्तीला ऐकू जाईपर्यंत तो वाजवत राहिला. माणसं आली, खाट आली, यात्रेहून परतणारी एक जीप आली. आणखी उशीर झाला असता तर रक्तच उरलं नसतं, असं डॉक्टर म्हणाले. या डॉक्टर लोकांना नको ते सांगायची खोडच असते.

चंद्रपूरच्या दवाखान्यात इस्तारीचा पाय वजन लावून टांगला होता. बाई गेल्या तेव्हा तो जागा होता आणि त्याला बोलायची हौस आली होती.

“बाई, तुमाले सांगतो,” तो म्हणाला, “पडलो तेव्हा भेव नाई वाटलं मले. रक्त जाऊन राह्यलं होतं, पण भेव नाई. मनात म्हणलं, गाडी उभी हाये, अलारम वाजला आसन, अन् तिथी वच्छलाबाई बसल्या हायेत. कोणाले ना कोणाले पाठवनच. म्हणून मी घसटत रस्त्यावर गेलोच नाई. पडून राह्यलो. उगाच हललो असतो तं तिथीच खलास झालो असतो.”

बाईंनी पिशवीतली संत्री काढून स्टुलावर ठेवली. नीट रचून ठेवली. हे असंच राहू दिलं असतं तर कुणाचं काही बिघडणार नव्हतं. माणूस वाचला होता, आणि त्यांच्यावरच्या भरवशानं वाचला होता. पण तो भरवसा घरी घेऊन जाणं त्यांना जमेना. चोरीचा माल पदरात बांधल्यासारखं वाटू लागलं.

“इस्तारीभाऊ,” त्या म्हणाल्या, “वाजला होता. मी दाबून टाकला. पाह्यलंच नाई. रताळी सोलत होतो.”

इस्तारी त्यांच्याकडं बघत राहिला.

“मंग पाठवलं कसं?”

“लय वेळानं पाह्यलं. किल्ली बंद दिसली.”

बाजूच्या खाटेवरचा म्हातारा खोकला. इस्तारीनं आपल्या टांगलेल्या पायाकडं पाहिलं.

“दाबाले मीच सांगतलं होतं तुमाले,” तो म्हणाला. “तुमाले दोष नाई देत. पण हे मले सांगाले नाई पायजे होतं, बाई. आता गाडीत बसलो का मले भेव वाटन.”

बाई घरी आल्या आणि त्या दिवशी पोटभर रडल्या. तो रागावला असता तर बरं झालं असतं. त्याच्याकडं होतं ते एकच निर्भयपण, तेही त्यांनी काढून घेतलं होतं.

पुढच्या आठवड्यात नागपूरचा टायवाला आला. सुरेंद्रनं त्याला विचारलं होतं की देवाच्या थांब्याचं काही करता येईल का. टायवाला म्हणाला, सोपं आहे, तेवढी जागा नकाशावर मोकळी सोडायची, म्हणजे तिथं कॉम्प्युटर वाजणारच नाही, बाईंनाही त्रास नाही.

“नोको,” बाई म्हणाल्या. “वाजू द्या.”

“बाई, रोज वाजेल.”

“मी हावो ना रोज.”

आणि रोज वाजू लागलं. बाईंनी पत्रूला फोन करणं पुन्हा सुरू केलं. ड्रायव्हर पुन्हा कुरकुरले, पण आता कुरकुरण्याला पहिल्यासारखा जोर नव्हता. पत्रू नसला तर धुरपता उचलायची. दोघी एकमेकींना कधी भेटल्या नव्हत्या, पण ट्रक माथ्यावरून हलेपर्यंत फोन धरून पोरांबाळांचं बोलायच्या. पोटात गोळा पुन्हा यायला लागला. बाईंनी त्याला येऊ दिलं.

पावसाळा उलटला आणि इस्तारी थोडा लंगडत कामावर आला. लोक म्हणाले, आता चंद्रपुरातल्या चंद्रपुरात गाडी चालव. तो म्हणाला, एक फेरी एटापल्लीची करून पाहतो, मग ठरवतो. बाईंशी तो नीट बोलला, पण तेवढ्यापुरतंच. निघाला तेव्हा त्यानं पडद्याकडं एकदा पाहिलं आणि गेला.

परतीच्या दिवशी बाई सकाळपासून जागच्या हलल्या नाहीत. ठिपका डेपोतून निघाला, रस्त्याला लागला, घाटाच्या अलीकडं आला आणि थांबला. माथ्यावर नाही, पायथ्याशीच. थांबायची परवानगी नसलेल्या जागी. कॉम्प्युटर कोकलला. बाईंचा हात बटणाकडं गेला नाही, फोनकडं गेला. पत्रूच्या टपरीतली घंटी पुरती वाजूही न देता कुणीतरी उचलली.

“कोण, पत्रूभाऊ?”

“मी इस्तारी.”

“का झालं, भाऊ?”

“काई नाई झालं. चहा पिऊन राह्यलो.” मागं धुरपताचं हसणं ऐकू आलं. “पाह्यत होतो, फोन येते का नाई.”

“आला.”

“दाबला तं नाई?”

“नाई. अजून वाजूनच राह्यला, ऐका.” बाईंनी फोन कॉम्प्युटरकडं धरला. पलीकडं इस्तारी ऐकत होता. सुरेंद्रनं कानावर हात ठेवले, पण बंद करा म्हणाला नाही.

“बरं,” इस्तारी म्हणाला. “मंग चढतो घाट. माथ्यावर थांबन, डहाळी टाकाले.”

“थांबा तुमी. मी बसली हावो.”

ठिपका हलला आणि हळूहळू घाट चढला. माथ्यावर थांबला. कॉम्प्युटर कोकलतच होता. बाईंनी किल्ली पाहिली. हिरवी होती. त्यांनी ती पुन्हा पाहिली. इस्तारी देवापुढं किती वेळ उभा होता, ते त्यांनी मोजलं नाही. ठिपका हलला, घाट उतरून रस्त्याला लागला, आणि मगच वच्छलाबाईंनी बटण दाबलं.